एकवीस तांबे पाणी

"काका, तुमची नाडी कुठाय?"

पुण्याच्या मॅडमनी फोनच्या पडद्यावरून हे विचारलं, तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो होतो आणि फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता.

"हातात आहे की," मी म्हणालो.

"हातात असेल हो. माझ्याकडे नाही आली. काल संध्याकाळी तुमची पावलं सहा हजार दोनशे, आणि नाडी शून्य. चालता चालता देवाघरी जाऊन आलात का?"

मी काहीतरी जुळवून सांगणार, तेवढ्यात परसातून आमच्या शेळीचं करडू ओरडलं. मॅडमनी कान टवकारले. पडद्यावर त्यांचा चेहरा एवढा जवळ आला की नुसता चष्माच दिसायला लागला.

"काका, पट्टा करडाच्या गळ्यात बांधला होता?"

"पायात," स्वयंपाकघरातून शालन ओरडली. "दिसभर उड्या मारतंय त्ये. ह्यांची अक्कल!"

शालन म्हणजे माझी बायको. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला चारचौघांत एकदाही पाठीशी घातलं नव्हतं, आणि त्या दिवशी घालेल अशी आशाही मी धरली नव्हती.

सहा वर्षं झाली त्याला. मी सर्जेराव पानसकर, पाटणच्या वरच्या खोऱ्यातल्या घोटेवाडीचा वायरमन. सत्तावीस वर्षं खांबावर चढलो. वादळात तार तुटली, रोहित्र उडालं, कुणाच्या वरातीत लाईट गेली, की पहिला फोन मला. बावन्नाव्या वर्षी खांबावरून उतरताना छातीत कळ आली, आणि आठवड्याच्या आत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझी बायपास झाली. छातीचं हाड उभं चिरून परत तारेनं बांधलं. आयुष्यभर मी तारा ओढल्या, डॉक्टरांनी माझ्याच आत ओढल्या, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचो. हसायला बरं असतं.

ऑपरेशननंतर बारा आठवडे व्यायाम करायचा होता, पण त्यासाठी आठवड्यातून तीनदा पुण्याला जाणं आमच्याकडून होण्यासारखं नव्हतं. म्हणून दवाखान्यानं घरबसल्या सोय करून दिली. मनगटाला बांधायचा एक काळा पट्टा दिला. त्यात नाडी मोजली जायची, पावलं मोजली जायची, आणि फोनमधून सगळं थेट पुण्याला मॅडमकडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाला मॅडम पडद्यावर यायच्या. हात खांद्याएवढेच वर करा, जागच्या जागी पावलं टाका, खोकला आला तर उशी छातीशी धरा. शिवाय रोज आपलं आपण चालायचं, पहिल्यांदा दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. केतकी मॅडम त्यांचं नाव. वय माझ्या लेकीएवढं, रोहिणीएवढं, आणि जीभ शालनएवढी.

माझा सगळा जीव अडकला होता तो एका कागदात. वीज कचेरीतल्या आमच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पानसकर, बारा आठवड्यांनी पुण्याचं पत्र आणा, कामास योग्य म्हणून. आणलंत तर लाईनवर. नाहीतर तक्रारीच्या टेबलावर बसा, फोन घ्या." टेबलावर! लोकांच्या शिव्या कानात घ्यायच्या आणि खांबावर दुसऱ्यानं चढायचं. नुसत्या विचारानं माझ्या अंगाची आग व्हायची. घरात मला चैन म्हणून पडत नव्हतं. दारात जा, माघारी ये, खुर्चीत बस, उठ, पंख्याकडे बघ. लाईट गेली की मी तर पिसाळायचो. कुठल्या फांदीनं तार दाबली असेल ते मला बसल्या जागी कळायचं, आणि तो नवा पोरगेलासा वायरमन तासभर भलत्याच खांबावर चाचपडत असायचा.

मग तुम्ही म्हणाल, एवढी घाई होती तर बाबा चालायचंस की. करडाच्या पायात पट्टा कशाला?

तेच तर सांगायचंय. मला भीती वाटत होती.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटाच चावडीपर्यंत चालून आलो. येताना छातीत टक्कन वाजलं. दुखलं नाही, नुसतं वाजलं, कडी सरकल्यासारखं. मी जागीच थिजलो. आत काळीज धडधडतंय ते मला कानात ऐकू यायला लागलं, आणि एकदा ऐकू यायला लागल्यावर ते थांबेना. वाटलं, आता तार तुटणार, हाड उघडणार, आणि मी इथंच रस्त्यात पडणार. अकरा हजार व्होल्टच्या लाईनखाली उभं राहून विडी ओढणारा माणूस मी, भिंतीला धरून घरी आलो. कुणाला बोललो नाही. मॅडमना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, की होतं असं, हाड जुळताना वाजतं. पुढं त्यांनी तसंच सांगितलं. पण तेव्हा सांगायला जीभ उचलली नाही. मॅडम पडद्यावर असल्या की मी हात वर-खाली करायचो, पावलं आपटायचो, कारण समोर माणूस असायचं. एकट्यानं चालायची वेळ आली की रेंज नाही, पाय दुखतो, ऊन झालं. आणि शेवटी करडू.

करडाचं बिंग फुटल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, मी तुमच्या चालण्याचा अहवाल लिहिते. खोटं लिहिणार नाही. पुढच्या चार आठवड्यांत रोजचं चालणं दिसलं नाही, तर पत्र नाही."

फोन बंद झाला. मी उशी उचलून भिंतीवर फेकली. छाती दुखली म्हणून परत आणून छातीशी धरली.

शालन भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आली. "माझा नवस हाय," ती म्हणाली.

"कसला नवस?"

"तुमास्नी आत नेलं तवा बोलले मी. ह्यांचं काळीज धडधाकट होऊ दे, एकवीस दिस भैरोबाला पायी येऊन तांब्याभर पाणी घालीन. मुक्यानं. आणि वाटंत न बसता. येत्या ऐतवारी धरणार हाय."

"मुक्यानं? तू?" मला त्याही स्थितीत हसू आलं. "भैरोबाला आत्ताच घाम फुटला असेल."

"हसा. पण ऐका. त्ये चालणं तुमच्याच नावाचं हाय का न्हाई? पुण्य तुमच्याच पदरात पडणार हाय का न्हाई? मग त्यो पट्टा माझ्या हातात असला म्हणून काय बिघडलं? तुमच्या नावाची पावलं, तुमच्याच नावावर जातील."

तुम्हाला हे खुळेपणाचं वाटेल, पण ती खोटं करतेय असं तिच्या मनातही नव्हतं. आमच्याकडं सोमवार बाई धरते आणि फळ नवऱ्याला मिळतं. पोराच्या परीक्षेसाठी आई अनवाणी चालते. एकानं करायचं आणि दुसऱ्याला लागू पडायचं, हेच ती जन्मभर करत आली होती. माझ्या वाटचे उपवास तिनं केले होते, माझ्या आईच्या वाटच्या प्रदक्षिणा तिनं घातल्या होत्या. व्यायामही त्यातलाच एक, असं तिनं धरलं. ती खुळी नव्हती. खुळा असलोच तर मी. मला मशिन कळत होतं. पट्टा नाव बघत नाही, ज्याच्या हाताला असेल त्याचं रक्त बघतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी पट्टा सोडला आणि तिच्या मनगटाला बांधला. वरून म्हणालो, "सैल ठेवू नकोस, नाडी लागत नाही."

ऐतवारी पहाटे फटफटताना ती निघाली. अनवाणी, हातात तांब्या, डोक्यावर पदर. भैरोबाचं टेकाड आमच्या घरापासून पाव तासाच्या वाटेवर, आणि वर चौऱ्याऐंशी पायऱ्या. दीड तासानं आली. ओट्यावर बसली आणि मिनिटभर बोललीच नाही.

"पाणी घातलंस ना? मग बोल की आता."

"दम तर खाऊ द्या," ती म्हणाली. पट्टा काढून माझ्या हातात दिला. पट्टा घामानं ओला होता.

सोमवारी दहाला मी तोच पट्टा पुसून घातला आणि पडद्यासमोर उभा राहिलो. मॅडम खूश. "काका! काल तीन हजार नऊशे पावलं, आणि चढ पण चढलात? वा! पण जरा सावकाश. नाडी फार पळतेय."

"जुनी सवय," मी म्हणालो.

असे दिवस जायला लागले. रोज पहाटे शालन जायची, मी दारात येरझाऱ्या घालायचो. येरझाऱ्या म्हणजे पाच पावलं तिकडं, पाच पावलं इकडं, छातीत काही वाजलं की थांब. फोनमध्ये आकडे चढताना दिसायचे. तीन हजार, साडेतीन, चार. मी ते बघत बसायचो आणि पत्र मिळाल्यावर पहिल्यांदा कुठल्या खांबावर चढायचं ते ठरवायचो. शाळेमागचा. त्या खांबावरून सगळं खोरं दिसतं.

शालनचं मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण मी बघत नव्हतो. ती हल्ली दोन उशा घेऊन झोपायची. नळावरून हंडा आणताना मध्ये सदूच्या कट्ट्यावर टेकायची. विचारलं तर म्हणायची, "गॅस झालाय, वय झालं." पुण्याला दवाखान्यात माझ्यासाठी तिनं अठरा दिवस फरशीवर काढले होते, जिने चढ-उतार केले होते. दमली असेल, असं मी धरलं. घरात एक हृदयाचा पेशंट असला की दुसऱ्या कुणाला काही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा सूर बदलला. बुधवारी त्यांनी विचारलं, "काका, चक्कर येते का? रात्री आडवं झाल्यावर दम लागतो? पायाला सूज?"

"छे हो. ठणठणीत."

"उद्या जाऊ नका चालायला."

"का?"

"नाडी मला बरोबर वाटत नाही. उद्या विश्रांती."

मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम तुमास्नी म्हणाल्या, मला न्हाई. माझ्या नवसात खंड पडू द्यायची न्हाई मी." तिनं निदान पट्टा तरी घरी ठेवायला हवा होता आणि मी निदान तेवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, एक दिवस बुडाला तर पत्रावर परिणाम होईल. मी पट्टा बांधून दिला.

शुक्रवारी दहाला पडदा उजळला तो मॅडमचा चेहरा बघूनच मी पावलं आपटायचा थांबलो. तेरावा दिवस होता नवसाचा.

"मी नको म्हटलं तरी काल गेलात. आज पण गेलात. आत्ताच्या आत्ता कराडला जा. हृदयाच्या डॉक्टरांकडे. पट्टी काढा, ईसीजी, आणि मला फोटो पाठवा. बायपासनंतर असं होतं कधीकधी, ठोके बेताल पडतात. रक्ताची गाठ झाली तर डोक्यात जाते. कळतंय का काका? आज म्हणजे आज."

क्षणभर मला खरंच वाटलं की आपल्यालाच झालंय. एवढं खोटं अंगवळणी पडलं होतं.

वडापच्या जीपमध्ये शालन माझ्या शेजारी बसली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. वळणावळणावर ती डोळे मिटायची. कराडच्या डॉक्टरांनी माझ्या अंगाला चिमटे लावले, कागद सरकला. डॉक्टर कागद वर धरून म्हणाले, "उत्तम आहे. कुणी घाबरवलं तुम्हाला?"

अहाहा! मी बाहेर आलो तो जवळजवळ नाचतच. बाकावर शालन बसली होती. मी फोटो पाठवला आणि मॅडमना फोन लावला. "बघा मॅडम! उत्तम आहे म्हणाले. तुमचा पट्टाच बिघडलाय. आता पत्राचं काय ते बोला!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, मी आता तुमचे तेरा दिवस समोर घेऊन बसलेय. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी दहा वाजता एक नाडी आहे. शांत, एका चालीची. आणि रोज पहाटे दुसरीच आहे. ही दोन माणसं आहेत. यावेळी करडू नाही. खरं सांगा, पहाटे पट्टा कुणाच्या हातात असतो?"

मी शालनकडे बघितलं. ती गाठोडं सोडत होती. पायातल्या चपलेचा बंद तिनं सैल केला होता, कारण पाऊल सुजून वर आलं होतं. ओठ निळसर दिसत होते. हे सगळं काय त्याच दिवशी झालं होतं? कितीतरी दिवस, कदाचित कितीतरी महिने ते माझ्यासमोर होतं.

"शालनच्या," मी म्हणालो.

"कोण शालन?"

"माझी बायको."

"कुठे आहेत त्या?"

"इथंच. बाकावर."

"त्यांना आत्ता आत न्या. फोन ठेवू नका. मी बोलते डॉक्टरांशी. चालवत नेऊ नका हं, खुर्ची मागवा."

शालननं ऐकलं होतं. "मला काय धाड भरलीया? तुमचं बरं निघालं न्हवं? मग घास खाऊन घ्या आधी."

"ऊठ, शालन."

"आवं पण—"

"ऊठ म्हणतो ना!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की सगळा दवाखाना वळून बघायला लागला. मग खुर्ची आल्यावर मी रोज तांब्या धरून दमलेला तिचा हात हातात घेतला आणि आत गेलो.

तिचा कागद मी बघितला. मला डॉक्टरी कळत नाही, पण रेघ कळते. एका ठोक्यानंतर दुसरा लगेच, मग लांबलचक मोकळं, मग तीन एकामागून एक. आत मशिनवर बघून डॉक्टर म्हणाले, "लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते का हो ताई?"

"धा वर्साची होते तवा. म्हैनाभर उठता येत न्हवतं," शालन म्हणाली. "त्याचं काय?"

त्याचंच होतं. त्या तापानं हृदयाची एक झडप आकसत आकसत आली होती, चाळीस वर्षं. आता तिचं तोंड करंगळीएवढंसुद्धा उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "टेकाड चढताय? न बसता? ताई, तुम्ही वाटेतच पडला असतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं लवकर आणलंत."

मी मान खाली घातली. मी आणलं नव्हतं. तिनं माझं खोटं हाताला बांधून घेतलं होतं म्हणून ती इथपर्यंत आली होती, नाहीतर तिला दवाखान्याचं दार दाखवायची बुद्धी आमच्या घरात कुणाला झाली नसती. आणि त्याच खोट्यापायी ती बुधवारी नको म्हटल्यावरही आणखी दोनदा टेकाड चढली होती. दोन्ही खरं आहे. आजही त्यातलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही.

त्या संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. टक्कन वाजलेलंसुद्धा. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्याच. "तुमचे बारा आठवडे आजपासून सुरू, काका. मागचं सगळं शून्य."

"पत्र?"

"नाही."

"बरं," मी म्हणालो. आश्चर्य म्हणजे त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं, खूप वाटलं.

शालनला रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. छाती चिरायची नव्हती. मांडीतून तार नेऊन आत फुगा फुगवून झडप मोकळी करायची, पुण्याला, तीन आठवड्यांनी, सोमवारी. तार म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही. आणि ही बाई, जिला ओट्यावरून उतरायची बंदी, ती मला काय म्हणाली?

"आठ दिस ऱ्हायले."

"कसले?"

"पाण्याचे. तेरा झाले. आठ ऱ्हायले."

"बरी होऊन कर की."

"आजारपणाचा खंड देव धरत न्हाई. पण ऱ्हायलेलं तसंच टाकून मी त्या आपरेशनच्या टेबलावर झोपायची न्हाई. तुमी घाला."

"मी? शालन, मला—" मी थांबलो. आणि मग बाहेर पडलंच. "मला भीती वाटते गं चालायची. मी पडेन असं वाटतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं मी आळशी आहे, हट्टी आहे. भित्रा असेन हे तिला माहीत नव्हतं. ती हसली नाही.

"मला बी वाटायची," ती म्हणाली. "रोज साठाव्या पायरीला डोळ्याफुडं अंधारी यायची. बसायचं न्हाई, पर हुबं ऱ्हायलं तर चालतंय. हुबं ऱ्हावा. मग जावा."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जायचं. पण फोन गळ्यात अडकवून, व्हिडिओ चालू ठेवून. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही." मुक्यानं जायचं असतं हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग बोटांनी सांगा. अंगठा वर म्हणजे ठीक. मूठ म्हणजे थांबतोय."

आणि ऑपरेशनच्या सोमवारी एकविसावा तांब्या पडेल अशा बेतानं मी आदल्या सोमवारी निघालो. अनवाणी. तांब्या डाव्या हातात, कारण उजव्या हातात पट्टा. पट्ट्याला आता कुठलाच बहाणा नव्हता.

पहिल्या दिवशी विसाव्या पायरीला छातीत वाजलं. टक्. मी थांबलो. मूठ वर केली. फोनमधून मॅडम म्हणाल्या, "वाजलं का? वाजू दे. नाडी ब्याण्णव, छान आहे. श्वास सोडा. आणखी सोडा." मी सोडला. बाजूला खांब होता, मीच उभा केलेला, बत्तीस नंबरचा. त्याला टेकून उभा राहिलो. बसलो नाही. पाच मिनिटांनी अंगठा वर केला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाईनं एवढं बोलावं आणि मी एक अक्षर उलट बोलू नये असं घडत होतं. शालनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आठच दिस ऱ्हायले. नवस मोठा बोलाय पायजे हुता म्या."

आठव्या दिवशी सोमवार. रोहिणी शालनला घेऊन आदल्या दिवशीच पुण्याला गेली होती. निघताना शालन म्हणाली, "तुमी हितंच. माझं पाणी कोण घालंल?" सकाळी नऊला तिला आत नेणार होते. मी पहाटे निघायला हवं होतं, पण माझ्यानं निघवेना. दारात उभा राहा, फोन बघ, तांब्या भर, ओत, परत भर. मॅडमनी कळवलं, "आज व्हिडिओ नको, लेकीचा फोन येईल, लाईन मोकळी ठेवा. मी नाडी बघत बसलेय." साडेनऊला शेवटी निघालो. घरात बसून ऐकण्यापेक्षा चालताना ऐकू, म्हटलं.

ऊन तापलं होतं. पायऱ्या चटके देत होत्या. साठावी पायरी, एकसष्टावी. फोन वाजला.

रोहिणी.

मी फोन उचलून कानाला लावला, आणि तोंड उघडून तसंच मिटलं. वर अजून तेवीस पायऱ्या होत्या. पाणी घालायचं होतं. मी देव-देव करणारा माणूस नव्हे. पण तो नवस माझा नव्हता मोडायला. तिनं तेरा दिवस, त्या तसल्या झडपेनं, तोंडातून शब्द काढला नव्हता.

"अण्णा? अण्णा, ऐकताय का?" रोहिणीचा आवाज रडवेला. बरा रडवेला की वाईट रडवेला, कळेना. "अण्णा, बोला ना! अण्णा! अहो काय झालं तुम्हाला? कुणी आहे का तिकडे?"

मी नुसता श्वास घेत होतो. जिवाच्या आकांतानं फोन कानावर दाबला होता. विचारायचं होतं एकच, आणि विचारता येत नव्हतं.

मग फोनमध्ये खडखड झाली. चाकांची, ट्रॉलीची. आणि लांबून, मलूल, पण ओळखीचा खणखणीत सूर आला.

"बोलणार न्हाईत ते. पाणी घालायचं ऱ्हायलं असंल अजून. उशिरा निघाले असतील, मला ठावं हाय. ठेव तू."

पायरीकडेला तिथंही एक खांब होता, त्याला मी मिठी मारली. हुंदका आला तो आवाज न करता आला, कसा ते मलाच माहीत. रडत रडत, न बसता, तेवीस पायऱ्या चढलो. भैरोबाच्या डोक्यावर तांब्या उपडा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत हात तसाच धरला.

तेवढ्यात फोन परत वाजला. मॅडम.

"काका! मिनिटात नाडी पंचाण्णववरून एकशे अठ्ठावीस! कुठे आहात? बसा आधी! काय झालं?"

मी पायरीवर बसलो. आता बसायला हरकत नव्हती. खाली सगळं खोरं दिसत होतं, शाळेमागच्या खांबावरून दिसतं तसंच. त्या खांबावर मी पुन्हा चढलो नाही. साहेबांनी दिलेली मुदत टळली, टेबलावरच बसलो, टेबलावरूनच निवृत्त झालो.

"काका, बोला काहीतरी!"

"काही नाही हो मॅडम," मी म्हणालो. आठ दिवसांत त्या टेकाडावर मी उच्चारलेले ते पहिले शब्द. "बायकोचा फोन होता."